नायट्रेट समुद्रात घटलं की आमच्या मोजायच्या नळीत?

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या लॅबमधली ही केस आहे. लॅबचं नाव सांगत नाही, माणसांची पण नाही, कारण त्यातले बरेच जण अजून तिथेच कामाला आहेत आणि माझं त्यांच्याकडे जाणंयेणं आहे, गणपतीत मोदक खायला जातो. मी तिथे कागदोपत्री प्रोजेक्ट असिस्टंट होतो पण खरं काम डेटाचं, म्हणजे रजिस्टरमधले आकडे एक्सेलमध्ये चढवायचे, ग्राफ काढायचे आणि वर्षअखेरच्या रिपोर्टला आकृत्या द्यायच्या.

लॅबचं काम एकच. समुद्राच्या पाण्याची केमिस्ट्री त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजत राहायची. तापमान, क्षारता, ऑक्सिजन, नायट्रेट, नायट्राईट, फॉस्फेट, सिलिकेट. ऐकायला बोअर आणि करायलाही बोअर, पण जगात असं चिकाटीने करणारे लोक आहेत म्हणून तर आपल्याला समुद्र बदलतोय हे कळतं. हवाई बेटांजवळचं स्टेशन अलोहा आणि बर्म्युडाजवळचं बॅट्स, दोन्ही १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला मोजतायत. आपल्या शेजारी गोव्यात दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) कांदोळीसमोर १९९७ पासून असंच काम लावून धरलंय. आमची लॅब त्यांच्यापुढे चिंगळी, पण ध्येय तेच.

आमच्या दोन जागा होत्या. आतला पॉइंट म्हणजे तेरा-चौदा वाव पाणी, साधारण २५ मीटर, तिथे दर महिन्याला भाड्याच्या ट्रॉलरने जायचो. बाहेरचा पॉइंट खंडाच्या उथळ भागाच्या पार पलीकडे, २००० मीटरपेक्षा खोल, तिथे ट्रॉलरचं काम नाही, दुसऱ्या एका संस्थेच्या जहाजावर वर्षातून एकदा, नशीब असेल तर दोनदा जागा मिळायची.

पुढचं कळायला इथली केमिस्ट्री थोडी सांगावी लागेल. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या मध्ये एक जाड थर आहे ज्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात खालचं गार, ऑक्सिजन कमी पण नायट्रेट भरपूर असलेलं पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर सरकतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. मग ऑगस्टमध्ये तळाला नायट्रेट चांगलं असतं, सप्टेंबरपर्यंत तळाचा ऑक्सिजन संपत येतो, ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर जगायला लागतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात (ह्याला डिनायट्रिफिकेशन म्हणतात), आणि नायट्रेटही संपलं की सल्फेटवर, मग पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. मच्छीमारांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. आमचे तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारे, सप्टेंबरात जाळं रिकामं आलं की म्हणायचे, "तळाचा पाणी वर इलाहा, मासो गेलो."

२००० साली नक्वी आणि सहकाऱ्यांचा नेचर ह्या विज्ञान नियतकालिकातला पेपर आला, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा ऑक्सिजनचा तुटवडा तीव्र होतोय आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड प्रचंड बाहेर पडतो असा. त्यानंतर आमच्यासारख्या प्रत्येक छोट्या लॅबच्या डोक्यात एकच प्रश्न, आपल्याकडे पण वाढतंय का? हा प्रश्न डोक्यात असणं हेच ह्या केसमध्ये नडलं.

काका

नायट्रेट थेट मोजता येत नाही, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या पद्धतीत तरी नाही. पाणी तांबं चढवलेल्या कॅडमियमच्या दाण्यांनी भरलेल्या नळीतून सोडायचं, त्यात नायट्रेटचं नायट्राईट होतं, मग दोन रसायनं घालायची, गुलाबी रंग येतो, तो स्पेक्ट्रोवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) ५४० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. म्हणजे सगळा भरवसा त्या बोटभर काचेच्या नळीवर. ती नळी शंभरातलं शंभर नायट्रेट पलटवतेय का हे तपासायला सारख्याच ताकदीचं एक नायट्रेट स्टँडर्ड आणि एक नायट्राईट स्टँडर्ड (ताकद आधीच माहीत असलेलं द्रावण) चालवायचं, दोघांचा रंग सारखा आला तर नळी ठीक. ९५ टक्क्यांच्या खाली गेली की नळी पुन्हा भरायची.

हे सगळं आमच्याकडे एकच माणूस करायचा. काका. बारावी सायन्स, लॅब अटेंडंट म्हणून लागलेले, साहेब लोकांपेक्षा हात स्वच्छ. काका प्रत्येक बॅचला नळी तीनदा तपासायचे, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय एक सवय, बाटली उघडली की आधी नाकाशी न्यायची. वास आला तर ती बाटली बाजूला. सल्फाइड कॅडमियमवर बसतं आणि नळी मारतं, हे त्यांना एकदा नळी मेल्यावर कळलं होतं आणि मग ते आयुष्यभर विसरले नाहीत. आणि बघा, ज्या पाण्याला तो वास आहे त्यात नायट्रेट उरलेलंच नसतं, त्यामुळे ती बाटली नळीतून घालवून मिळणार शून्य आणि नुकसान मात्र पुढच्या सगळ्या बाटल्यांचं.

काका मे २०१८ अखेर रिटायर झाले. जागा भरायला जुलै उजाडला. नवीन मुलगा आला, एमएस्सी केमिस्ट्री, हुशार, कामसू, पण काकांच्या बाजूला बसून एक बॅच करायची संधी त्याला मिळालीच नाही. त्याच्या हातात आला तो लॅबचा लिखित कार्यपद्धतीचा कागद, त्यात एक वाक्य होतं, "प्रत्येक बॅचबरोबर स्टँडर्ड चालवावे." कुठलं स्टँडर्ड ते लिहिलेलं नव्हतं. आणि भिंतीवर काकांच्या अक्षरात सेलोटेपने चिकटवलेला कागद, त्यावर मार्च २०१८ चा नळीचा फॅक्टर, म्हणजे नळी किती पलटवते त्याचा हिशोबाचा आकडा.

मुलाने प्रत्येक बॅचला नायट्राईटचं स्टँडर्ड चालवलं. सोपं असतं, नळीतून घालावं लागत नाही. ते प्रत्येक वेळी छान आलं. नळीचा फॅक्टर भिंतीवरून घेतला.

काय दिसलं

ऑगस्ट २०१९ चे आतल्या पॉइंटचे आकडे मी चढवले तेव्हा तळाचं नायट्रेट आधीच्या कुठल्याही ऑगस्टपेक्षा कमी होतं, बऱ्यापैकी कमी. सप्टेंबर त्याहून खाली. ऑक्टोबरला क्यार वादळाने समुद्र खवळलेला, बोट गेलीच नाही. नोव्हेंबर पुन्हा कमी.

मी ग्राफ मॅडमना दाखवला. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख, त्यांचं अर्धं आयुष्य ह्या विषयात गेलंय. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हे डिनायट्रिफिकेशन आहे रे. वाढलंय." खरं सांगतो, मलाही तेच वाटलं, आणि आनंद झाला, जो अशा वेळी व्हायला नको पण होतो. दहा वर्षं बोअर आकडे गोळा केल्यावर काहीतरी "दिसलं" होतं. जानेवारीत एका परिषदेला सारांश पाठवायची मुदत होती. मॅडमनी अर्धा लिहून पण काढला.

मुद्दा असा की बिघाड आणि निसर्ग दोघांची दिशा एकच होती. नळी मेली तरी नायट्रेट कमी दिसणार, डिनायट्रिफिकेशन वाढलं तरी नायट्रेट कमी दिसणार. नळीमुळे नायट्रेट वाढलेलं दिसलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी मशीनला शिव्या घातल्या असत्या.

शंका कशी आली

तीन गोष्टी, आणि त्या ओळीने नाही तर एकमेकांत घुसत आल्या.

पहिली डायपोलची. २०१९ ला हिंद महासागरात पॉझिटिव्ह डायपोल होता (म्हणजे महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा गरम आणि पूर्व बाजू गार), नोंदीतल्या सगळ्यात जोरदारांपैकी एक. आणि २०१७ मध्ये एक संशोधन छापून आलं होतं की पॉझिटिव्ह डायपोलच्या वर्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाचा ऑक्सिजन तितका संपत नाही. म्हणजे २०१९ हे वर्ष उलट सौम्य असायला हवं होतं. हे मला एका सिनियर सरांनी चहा पिता पिता सांगितलं, सहज, मी ग्राफबद्दल फुशारकी मारत होतो तेव्हा. मी म्हटलं अपवाद असेल. ते म्हणाले, "असेल की. पण तुमचा ऑक्सिजन काय म्हणतो?"

आमचा ऑक्सिजन वेगळ्या पद्धतीने मोजला जातो, विंकलर टायट्रेशन, त्याचा नळीशी संबंध नाही. मी बघितलं तर सप्टेंबर २०१९ चा तळाचा ऑक्सिजन कमी होता पण संपलेला नव्हता. डिनायट्रिफिकेशनला ऑक्सिजन जवळपास शून्य लागतो. म्हणजे नायट्रेट कोण खातंय?

मग मी नायट्रेट विरुद्ध फॉस्फेटचा ग्राफ काढला, सगळ्या वर्षांचा. समुद्रात हे दोन एकमेकांना धरून चालतात, साधारण १६ ला १, रेडफिल्डचं गुणोत्तर म्हणतात त्याला. डिनायट्रिफिकेशन झालं की नायट्रेट घटतं, फॉस्फेट नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपलेले ठिपके रेषेच्या खाली पडतात, ते आम्हाला सवयीचं होतं. पण ह्या वेळी ऑक्टोबर २०१८ नंतरचे सगळेच ठिपके खाली होते. भरपूर ऑक्सिजन असलेले, जानेवारीतले, वरच्या पाण्यातले, सगळे. हिवाळ्यात आतल्या पॉइंटला नायट्रेट मुळातच कमी असतं म्हणून ते महिने एकेकटे बघताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि नायट्राईट, जे नळीतून जात नाही, ते अगदी नेहमीसारखं.

हे मी मॅडमना दाखवायला दोन दिवस लावले. का लावले ते आज नीट सांगता येत नाही, भीती म्हणा.

तिसरी गोष्ट बाहेरच्या पॉइंटची, आणि तिने वाद संपवला. डिसेंबर २०१९ ला जहाजावर जागा मिळाली होती, २००० मीटरवरची बाटली आणली होती. खोल पाण्याची मजा अशी की तिथलं नायट्रेट वर्षा-दोन वर्षांत हलत नाही, अरबी समुद्रात त्या खोलीला लिटरमागे साधारण ३५ ते ४० मायक्रोमोल (रसायन किती आहे ते मोजायचं एकक). म्हणून खुल्या समुद्रात काम करणारे लोक खोल पाण्याचा उपयोग आपलीच पद्धत तपासायला करतात, दोन वेगवेगळ्या सफरींचे खोल आकडे जुळत नसतील तर दोष समुद्राला द्यायच्या आधी लॅब बघायची. आमचा आकडा आला ३० च्या खाली. त्याच बाटलीतलं पाणी जहाजवाल्या संस्थेनेही मोजलं होतं, त्यांचा जिथे असायला हवा तिथेच.

२००० मीटरवरचं नायट्रेट दोन वर्षांत एवढं पडायला काहीतरी चमत्कार लागेल.

पर्याय

जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. मॅडम, तो मुलगा, ते सिनियर सर (त्यांना मुद्दाम बोलावलं) आणि मी. सारांशाची मुदत पाच दिवसांवर.

सारांश जसा आहे तसा पाठवायचा आणि नंतर दुरुस्त करायचा, हा पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही पण टेबलावर होता. मॅडमनी स्वतःच तो उचलून टाकला, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण पुढची प्रोजेक्टची मंजुरी त्या सारांशावर थोडीफार अवलंबून होती. "मॉनिटरिंग चालू ठेवायचंय" म्हटलं की पैसे देणारे विचारतात नवीन काय, आणि नवीन म्हणून आमच्याकडे तेवढंच होतं.

ऑक्टोबर २०१८ पासूनचा सगळा नायट्रेटचा डेटा उडवायचा, हे त्या मुलाचं म्हणणं. बिचारा पार खचला होता, त्याला वाटत होतं जेवढं लवकर ते नाहीसं होईल तेवढं बरं. मला सुद्धा तेव्हा ते स्वच्छ वाटलं. सर म्हणाले, उडवलेला डेटा परत येत नाही, आणि दहा वर्षांनी कोणाला तरी त्या खड्ड्यात काय होतं ते बघायचं असेल.

मग आकडे हिशोबाने दुरुस्त करून टाकायचे, हा तिसरा पर्याय. नळी आता किती टक्के पलटवते ते मोजायचं आणि मागच्या सगळ्या आकड्यांना त्याने भागायचं. मोह पडण्यासारखं होतं, एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला, संध्याकाळी घरी. पण नळी एका दिवसात मेली की हळूहळू, हे माहीत नाही तर फॅक्टर कुठल्या दिवसाला कुठला लावणार?

शेवटचा पर्याय कष्टाचा. आम्ही प्रत्येक नमुन्याची एक जादा बाटली उणे २० ला गोठवून ठेवत होतो, काकांच्या काळापासून. त्या बाहेर काढायच्या, नवी नळी भरायची आणि पुन्हा मोजायचं. गोठवलेल्या नमुन्यावर नायट्रेट, फॉस्फेट चालतं (सिलिकेट नाही, गोठल्यावर त्याच्या साखळ्या बनतात आणि वितळल्यावर सगळं पूर्ववत होईल ह्याचा भरवसा नसतो). पण वर्षभरापेक्षा जुन्या बाटल्यांवर किती विसंबायचं ह्यावर मतभेद होते.

ठरलं असं की सारांश मागे, डेटा ठेवायचा पण खूण करून, आणि जमेल तेवढ्या बाटल्या पुन्हा मोजायच्या. नळी काढायच्या आधी तिची क्षमता मोजून लिहून ठेवायची, हे सरांनी सुचवलं, नाहीतर आम्ही उत्साहात ती फेकूनच दिली असती.

काय केलं

नळी मोजली. शंभरातलं सत्तर-पंचाहत्तर पलटवत होती. काचेतून बघितलं तर वरचे दाणे काळपट.

आता प्रश्न कधीपासून. लॅबच्या रजिस्टरमध्ये काही सापडेना. मग मॅडमना आठवलं की बोटीवरचं रजिस्टर वेगळं असतं, ते तांडेलाच्या शेजारी बसून जो कोणी गेला असेल तो भरतो आणि ते लॅबमध्ये येत नाही, स्टोअरमध्ये दोरीने बांधून पडून राहतं. काढलं. सप्टेंबर २०१८ च्या पानावर, समुद्राच्या पाण्याने शाई पसरलेली, पण वाचता येत होतं: "तळ – साका पांढरा. वास." बोटीवर ऑक्सिजनच्या बाटलीत मँगनीजचं द्रावण आणि अल्कली आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो, जितका ऑक्सिजन तितका गडद. पांढरा राहिला म्हणजे ऑक्सिजन नाहीच. त्यात वास म्हणजे सल्फाइड. आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशीच्या तळाच्या दोन बाटल्या इतरांसारख्या ओळीने नळीतून गेलेल्या.

एकाच दिवसाची दोन पानं दोन खोल्यांत, सोळा महिने.

मी काकांना फोन केला. ते पेंडूरला भावाच्या काजूच्या बागेत होते. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ गप्प, मग एवढंच, "बाटलीचो वास घेतलंस काय रे कोणी?" दुसऱ्या दिवशी एसटीने आले, स्वतःहून. नवीन नळी त्यांनी आणि त्या मुलाने मिळून भरली, दाणे आम्लाने धुवायचे, कॉपर सल्फेटमधून निळा रंग जाईपर्यंत हलवायचे, हवेचा एकही बुडबुडा न राहता भरायचे, अमोनियम क्लोराइडच्या बफरने धुऊन घ्यायचे. सकाळी दहाला सुरू केलं ते दुपारी जेवण विसरून तीनपर्यंत. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या मुलाला मी पहिल्यांदा प्रश्न विचारताना ऐकलं, आधीच्या दीड वर्षात विचारायचं कोणाला हेच त्याला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत पुन्हा मोजणी सुरू झाली. सुरुवात कुठून करायची ह्यावर अर्धा तास सुद्धा चर्चा झाली नाही. ऑगस्ट २०१९ पासून, कारण तो महिना इंटरेस्टिंग होता, तोच तर आम्हाला चुकीचा दिसला होता. ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर २०१९ आणि खोल पाण्याच्या बाटल्या झाल्या. खोल पाणी जागेवर आलं. ऑगस्ट नेहमीसारखा. सप्टेंबरचा खड्डा आधीच्या वर्षांपेक्षा उथळ. म्हणजे डायपोलवालं म्हणणं बरोबर होतं आणि आमची "बातमी" बरोब्बर उलटी.

मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि पुढे लॉकडाऊन. लॅब बंद. बोट बंद. वॉचमन तेवढा फ्रीझरचं लाल बटण बघून जायचा.

तौक्ते

जूनपासून लॅब हळूहळू उघडली पण माणसं अर्धी, रसायनं येईनात, आणि उरलेल्या बाटल्या, म्हणजे ऑक्टोबर २०१८ ते मे २०१९ च्या, "करू सावकाश" मध्ये गेल्या. नियमित मासिक मोजणी परत बसवणं जास्त तातडीचं वाटत होतं आणि ते खोटंही नव्हतं. २०२० चा पावसाळा गेला, हिवाळा गेला.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं. झाडं, पोल, पत्रे, सगळं आडवं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही, जनरेटर होता पण डिझेल आणायला रस्ता मोकळा नव्हता आणि पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाला आपापल्या घराच्या छपराची पडलेली होती. चौथ्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा बाटल्या कोमट. वितळलेल्या पाण्यात जिवाणू जागे होतात आणि तुमचं नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट सगळं इकडचं तिकडे करून टाकतात. ते नमुने संपले. मी तरी त्यातल्या पाच बाटल्या हट्टाने मोजल्या, आकडे असे आले की रजिस्टरमध्ये लिहायची पण लाज वाटावी (लिहिले).

निष्पत्ती

आज त्या मालिकेत आकड्याशेजारी एक खुणेचा रकाना आहे, समुद्रविज्ञानात जुनी पद्धत आहे ती, २ म्हणजे चांगला, ३ म्हणजे शंकास्पद, ४ म्हणजे वाईट, ९ म्हणजे नमुनाच घेतला नाही. पुन्हा मोजलेले २०१९ चे महिने २. ऑक्टोबर २०१८ ते मे २०१९ कायमचे ३. जुने, मूळ आकडे वेगळ्या फाइलमध्ये तसेच आहेत, कोणी त्यांना हात लावलेला नाही. सप्टेंबर २०१८ वरून वाद झाला, कारण त्या बॅचमध्ये वासाच्या बाटल्या शेवटून तिसऱ्या आणि चौथ्या गेल्या होत्या, म्हणजे त्याआधीचे नमुने बरे असू शकतात. शेवटी आधीचे २ आणि नंतरचे दोन ४. मला हे थोडं जास्तच बारीक कातलेलं वाटतं, मॅडमना नाही.

सारांश मागे घेतल्याचं पुढच्या मंजुरीच्या वेळी थेट नुकसान झालं का ते सांगता येत नाही, पैसे आले पण कमी आले. मात्र जहाजवाल्या संस्थेने त्यानंतर दर सफरीत खोल पाण्याची एक बाटली दोघांनी मोजायची असं आपणहून सुरू केलं.

२०२२ मध्ये ऑटोअ‍ॅनालायझर आला, म्हणजे ही मोजणी आपोआप करणारं मशीन, नवंकोरं. मुलाला (आता तो मुलगा राहिला नाही, त्याच्या हाताखाली एक ताई आहे) तो लगेच चालू करायचा होता, मॅडमनी सांगितलं पूर्ण एक वर्ष जुनी नळी आणि नवं मशीन, प्रत्येक नमुना दोन्हीवर. अकाउंट्सवाल्यांनी दुप्पट रसायनांच्या बिलावर शेरा मारला. त्या वर्षात दिसलं की जास्त नायट्रेटला दोन्ही जुळतात पण अगदी कमी नायट्रेटला, हिवाळ्यात, मशीन थोडंसं वर वाचतं. हे कळलं नसतं तर २०२३ पासून "हिवाळी नायट्रेट वाढतंय" अशी दुसरी बातमी आम्ही तयार केली असती. कॅडमियम विषारी म्हणून ते सोडून व्हॅनेडियम क्लोराइडच्या पद्धतीवर जावं अशीही चर्चा आहे, पण मग पुन्हा एक वर्ष दोन्ही. वापरलेल्या कॅडमियमच्या पाण्याचा जेरीकॅन अजून स्टोअरमध्ये आहे, त्याची नीट विल्हेवाट लावणारं जवळपास कोणी मिळत नाही, तो एक वेगळाच विषय.

आज असतो तर

काकांच्या रिटायरमेंटची तारीख तीस वर्षं आधीपासून माहीत होती. सरकारी नोकरीत ती जन्मतारखेबरोबरच ठरते. तरी शेवटच्या वर्षात कोणाला त्यांच्या बाजूला बसवलं नाही. जागा रिकामी झाल्याशिवाय भरता येत नाही हा नियम खराच, पण मी तर तिथे होतो ना, मला बसवता आलं असतं, मी पण कधी म्हटलं नाही. तीन दिवस बसून काका काय करतात ते नुसतं लिहून काढलं असतं तरी वासाची गोष्ट आली असती.

कार्यपद्धतीतलं ते वाक्य आता असं आहे: नायट्रेट आणि नायट्राईट दोन्ही स्टँडर्ड, बॅचच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, आणि तिन्ही वेळचे आकडे रजिस्टरमध्ये, नुसती टिकमार्क नाही. भिंतीवरचा कागद काढला. बोटीवरचं रजिस्टर त्याच संध्याकाळी लॅबमध्ये येतं आणि बाटल्या लावायच्या आधी ते उघडून समोर ठेवायचं असतं. जपानहून येणारं रेफरन्सचं पाणी, खरंच समुद्राचं पाणी असतं आणि त्यातले आकडे ठरवून दिलेले असतात, ते महाग पडतं म्हणून आम्ही घेतच नव्हतो, आता शेजारच्या दोन लॅबबरोबर वाटून घेतात, वर्षाला थोड्याच बाटल्या, पण घेतात.

फ्रीझरचं मात्र मला खरं लागलेलं आहे. आम्ही इंटरेस्टिंग महिन्यापासून सुरुवात केली. जुन्या बाटल्या आधी करायला हव्या होत्या, त्यांचा वेळ संपत होता, नव्या थांबू शकल्या असत्या. ह्यावर मॅडम आणि मी अजून भांडतो. त्या म्हणतात ऑगस्ट २०१९ आधी केला म्हणून तर मालिकेवरचा विश्वास परत आला आणि काम पुढे सरकलं, हिवाळ्यातल्या कमी नायट्रेटच्या बाटल्या गेल्या तर काय मोठं गेलं. असेलही. पण ऑक्टोबर २०१८ ची तळाची बाटली, सल्फाइडच्या महिन्यानंतर लगेचची, पाणी परत सुधारताना नायट्रेट किती वेगाने परत येतं ते जिथे दिसलं असतं, ती त्याच पेटीत होती.

त्या मुलाबद्दल एक. चूक कोणाची हा प्रश्न केबिनमध्ये एकदाही विचारला गेला नाही आणि मला वाटतं म्हणून तो टिकला. मागच्या सप्टेंबरात मी गेलो होतो तेव्हा बोट नुकतीच आलेली, जेटीवरून बर्फाचा खोका उचलून आणलेला, आणि नवीन ताई खुर्चीत बसून एकेक बाटली उघडून नाकाशी नेत होती. चौथ्या बाटलीला तिने तोंड वाकडं केलं आणि ती खिडकीत ठेवली.